जळगावची मीटिंग आणि परतीची एसटी : एक प्रकरण अभ्यास

जळगाव जिल्ह्यात व्यसनमुक्तीच्या कामात मी समुपदेशक आहे. पुढचं प्रकरण लिहायला त्या कुटुंबाने परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना गावात सगळे ‘मिस्तरी’ म्हणतात, म्हणून इथेही मिस्तरीच म्हणते. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणते, तेच इथे ठेवलं आहे.

दारू सोडायची असं माणसाने आणि घराने ठरवल्यानंतर, आधारगटापर्यंत, म्हणजे दारू सोडू पाहणारी माणसं एकत्र बसतात त्या गटापर्यंत, पोहोचायचं आणि तिथून घरी सुखरूप परत यायचं याची तजवीज कोण करतं, हे मला या प्रकरणातून दाखवायचं आहे. तालुक्याच्या ठिकाणी आणि खेड्यांत बहुतेक माणसं इथेच गळतात, असं माझं मत आहे.

पार्श्वभूमी

मिस्तरी चाळिशीतले. चोपडा तालुक्यात, धानोरा-अडावदच्या पट्ट्यात त्यांचं मोटार भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार बसवायचं, दुकान आहे. घरात आई, वहिनी, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. मोठे भाऊ वेगळे राहतात, पण शेती आणि घराचे निर्णय त्यांच्याच शब्दावर होतात.

हा केळी-कापसाचा भाग. विहिरी खोल गेल्या, बोअरवेल त्याहून खोल गेल्या, आणि सगळी शेती सबमर्सिबल मोटारीवर आली. चैत्र-वैशाखात मोटार जळाली तर केळीची बाग चार दिवसही तग धरत नाही. त्यामुळे मिस्तरीला रात्री-अपरात्री बोलावणं येतं. तिपाई लावायची, चेनपुलीने पाइपमागून पाइप वर काढायचा, मोटार दुकानात आणून भरायची, पुन्हा उतरवायची. पाणी पडलं की शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो आनंदाने बाटली मागवतो. मजुरी वेगळी, ही बाटली वेगळी. ही रीत मिस्तरींच्या आधीपासूनची आहे, आणि कोणाच्याही मनात त्यात वाईट हेतू नसतो.

पंधरा-सोळा वर्षांत या बाटलीची रोजची क्वार्टर झाली, मग दोन झाल्या. शेवटच्या दोन वर्षांत सकाळी उठल्यावर नाइन्टी पोटात गेल्याशिवाय हात थांबत नव्हते. मोटार भरताना तांब्याची तार स्लॉटमध्ये अलगद बसवावी लागते. तिचं आवरण कुठे खरचटलं तर मोटार पुन्हा जळते. मिस्तरींनी भरलेल्या मोटारी महिन्या-दीड महिन्यात परत यायला लागल्या. गिऱ्हाईक चोपड्याला जायला लागलं. दुकानातलं बारीक काम हाताखालचा पोरगा करायचा आणि मिस्तरी शटरपाशी खुर्ची टाकून बसायचे.

प्रकरण हातात कसं आलं

श्रावणात, कानबाईच्या (खान्देशातला देवीचा सण) आधीच्या आठवड्यात, मोठ्या भावाने ठरवलं की या वेळी घरात देवी बसेल तेव्हा दारूचा थेंब नको. मिस्तरीही कबूल झाले. त्यांना मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली, पैसे आणि मोबाइल काढून घेतला. जेवण आत जात होतं. घरच्यांनी हे प्रेमानेच केलं, हे मी मुद्दाम नोंदवते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्तरींना फिट आली. गावातल्या दवाखान्यातून त्यांना तालुक्याला आणि तिथून जळगावला सिव्हिलमध्ये हलवलं. तिसऱ्या रात्री ते वॉर्डात पलंगावर मांडी घालून बसले होते. चादरीच्या काठावरून हवेतच तार ओढत होते, बोटावर वेढे मोजत होते, आणि दुकानातल्या पोराला ‘वार्निश आण’ म्हणून हाका मारत होते. वहिनी पायथ्याशी बसल्या होत्या. मिस्तरींना वेड लागलं असंच त्यांना वाटलं.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की साधारण पहिल्या दिवसापासून थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनंतर भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणं, ताप, बेभान अवस्था अशी धोक्याची पायरी येऊ शकते. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. वॉर्डात त्यांना कंप आणि झटके आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या आणि त्यांचा डोस रोज थोडा थोडा कमी करत नेला. शिवाय थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. आपल्याकडे ‘आधी एक सलाईन लावा’ असा नातेवाइकांचा आग्रह असतो. पण फार पिणाऱ्याला थायमिनच्या आधी ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा व्हायचा धोका असतो. म्हणून दारूची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये, पहिल्या मिनिटाला सांगावी.

पाचव्या-सहाव्या दिवशी मिस्तरी शुद्धीवर आले, तेव्हा माझी त्यांची पहिली भेट झाली. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी असते, एकूण ४० गुणांची. २० किंवा त्याहून जास्त आले की अवलंबित्व धरून पुढची तपासणी करतात. मिस्तरींचे ३१ आले. ते आकड्याकडे बघून म्हणाले, “ताई, दहावीला याच्यापेक्षा कमी होते.” ते हसले, पण डोळे भरलेले होते.

समोर असलेले मार्ग

डिस्चार्जच्या आधी घरचे सगळे जमले. प्रत्येकाकडे एक मार्ग होता आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा मार्ग खोटा वाटत होता.

मोठ्या भावाने कुठूनतरी पुडी आणली होती. भाजीत, चहात नकळत घालायची, दारू आपोआप सुटते, अशी तिची जाहिरात. अशा पुड्यांत काय असतं ते पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिराम (दारू घेतली की त्रास व्हावा म्हणून द्यायचं औषध) असेल आणि माणसाने वरून दारू घेतली, तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं असं काहीही होऊ शकतं. ज्याला आपण गोळी घेतली हेच माहीत नाही, तो सावध कसा राहणार? हा मार्ग मी आणि डॉक्टरांनी तिथल्या तिथे बंद केला. हेच औषध रुग्णाला सांगून, यकृताची तपासणी करून, शेवटच्या घोटानंतर पुरेसा वेळ जाऊ देऊन डॉक्टर देतात, तेव्हा ती वेगळी गोष्ट असते. तिच्याकडे पुढे येते.

आईचं म्हणणं होतं, महानुभाव पंथाचा उपदेश घ्यावा. खान्देशात उपदेश घेऊन किंवा माळ घालून दारू कायमची सोडलेली माणसं गावोगाव आहेत. त्याला नावं ठेवायचं मला काही कारण नाही. श्रद्धेबरोबर तिथे रोजचं भेटणं आणि चार माणसांची नजर असते, आणि ते मोलाचं आहे. पण मिस्तरी म्हणाले, “उपदेश घेऊन मोडला तर मायला तोंड दाखवता येणार नाही.” हा विचार मला प्रामाणिक वाटला, आणि आईलाही तो पटला.

शालक पुण्याला असतात. त्यांनी मुक्तांगणचं नाव सुचवलं. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं हे केंद्र महाराष्ट्रात बहुतेकांना माहीत आहे, आणि राहून उपचार घेण्याचा फायदा मोठा असतो. अडचण दुकानाची होती. कर्जाचा हप्ता, मुलीची दहावी, आणि आधीच तुटलेलं गिऱ्हाईक. दुकान इतके दिवस बंद ठेवलं तर परत उघडेल का, ही भीती वहिनींनाच जास्त होती.

चौथा मार्ग म्हणजे जळगावला मानसोपचार ओपीडीत नियमित तपासणी आणि जोडीला आधारगट. वहिनींचा कल तिकडे होता. मी त्याला होकार दिला, पण एक अट घातली: पुन्हा रोजचं पिणं सुरू झालं तर पुण्याचा मार्ग वाद न घालता उघडायचा. ती अट कागदावर लिहून मिस्तरींची सही घेतली. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो, कारण पुढे घसरण झाली तेव्हा नव्याने भांडण झालं नाही. आधी काय ठरलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

गट शोधणं

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात सुरू झालं. दारूत बुडालेला एक शेअर दलाल आणि तसाच एक शल्यचिकित्सक एकमेकांशी बोलत बसले आणि बोलण्याने त्यांची ती वेळ टळली, इतकी त्याची सुरुवात साधी आहे. भारतात १९५७ पासून ए.ए. आहे. फी नाही, अर्ज नाही, जात-धर्म विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा असणं, एवढीच सभासदत्वाची अट.

पण ए.ए. स्वतःची जाहिरात करत नाही, सभासदांची नावं बाहेर सांगत नाही आणि गटाची खोली बहुधा शाळेची, चर्चची किंवा एखाद्या सभागृहाची मागून घेतलेली असते. दारावर पाटी नसते. त्यामुळे ज्याला गरज आहे त्यालाच ती खोली सापडत नाही. वहिनींच्या भाच्याने मोबाइलवर शोधून एक पत्ता काढला होता. ते दोघं तिथे जाऊन आले, तर गट दुसरीकडे हलून बराच काळ झाला होता. शासनाची व्यसनमुक्तीची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. तिथून जवळच्या उपचार केंद्राची माहिती मिळाली, आणि ती उपयोगीही होती, पण आठवड्याच्या कोणत्या वारी कुठल्या खोलीत बसतात हे ताजं कळायला आतला माणूसच लागतो. ए.ए.च्या मुंबईच्या कार्यालयाकडून जिल्ह्यातल्या एका सभासदाचा नंबर मिळाला.

फोन मिस्तरींनी स्वतः करायचा, हे मी धरून बसले. वहिनी करायला तयार होत्या, भाचा तयार होता. मिस्तरींनी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी ओपीडीच्या बाकावर बसून त्यांनी नंबर लावला आणि पलीकडून आवाज आल्यावर पहिलं वाक्य बोलले, “साहेब, तुमच्याकडे मोटारीचं काही काम निघतं का?” पलीकडच्या गृहस्थांना हे ओळखीचं असावं. ते म्हणाले, “मोटारीचं नाही निघत. दारूचं निघतं. कुठे आहात?” आणि तासाभरात ते भुसावळहून निघालेसुद्धा. वयस्कर, स्वच्छ पांढरा शर्ट. मिस्तरींच्या शेजारी बसून त्यांनी स्वतःचं सांगितलं: कधी सुरू झाली, नोकरीत काय झालं, बायको माहेरी कधी गेली, पहिल्यांदा मीटिंगला गेले तेव्हा चप्पल काढतानाच कसे परत फिरले. मिस्तरींना त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पुढे त्यांना सगळे दादा म्हणत, मिस्तरीही म्हणायला लागले.

पहिली मीटिंग आणि पहिली माघार

रविवार संध्याकाळ, जळगाव. एका शाळेचा वर्ग. मिस्तरी आणि वहिनी दोघं एसटीने आले. दारात कळलं की ही बंद मीटिंग आहे. बंद मीटिंगमध्ये दारूचा प्रश्न असलेली माणसंच बसतात. खुल्या मीटिंगला नातेवाईक, डॉक्टर, माझ्यासारखे कामातले लोक, कोणीही येऊ शकतं. हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. वहिनी दीड तास शाळेच्या पायरीवर अंधारात बसून राहिल्या. त्यांच्यासमोर पुरुषांच्या चपलांची रांग आणि आतून मधूनच टाळ्यांचा आवाज. “इतकी वर्षं मी सोसलं आणि बाहेर मीच बसायचं?” हे त्यांनी मला नंतर विचारलं. त्यांचा राग रास्त होता.

आत आणखी वेगळंच घडलं. मिस्तरी ज्या जळगावच्या दुकानदाराकडून तांब्याची तार उधारीवर उचलायचे, तो समोरच्या बाकावर बसलेला होता. त्याचे सतरा-अठरा हजार थकलेले होते. मिस्तरींना वाटलं, झालं, आता हा बाजारात सांगणार. त्यांच्यावर बोलायची पाळी आली तेव्हा ते एवढंच म्हणाले: “मना हात कापतस. बस.” चहा न घेता बाहेर पडले आणि पुढचे दोन रविवार आले नाहीत.

ओळखीचं माणूस भेटणं ही लहान जिल्ह्यातल्या गटाची हमखास येणारी अडचण. मुंबईत शंभर गट असतील, नको तिथे जाऊ नये. इथे पर्याय एक किंवा दोन. मी मिस्तरींना तीन गोष्टी सुचवल्या: दुसऱ्या गावचा गट बघा, काही आठवडे फोनवरच्या मराठी ऑनलाइन मीटिंगला बसा, किंवा त्या दुकानदाराशी एकदा सरळ बोला. त्यांनी ऑनलाइन बसून पाहिलं. घरात रेंज नाही म्हणून दुकानात बसले, तर गिऱ्हाईक यायचं. दुसरा गट लांब होता. शेवटी तार संपली म्हणून त्या दुकानात जाणं भागच पडलं. दुकानदाराने तार मोजून दिली, बिल केलं, उधारीची वही काढून नेहमीसारखी आठवण केली. मग वही मिटल्यावर खालच्या आवाजात म्हणाला, “दुकानातलं दुकानात. रविवारचं रविवारी. या रविवारी चहा घेऊन जा.” गटातली गोष्ट गटाबाहेर जात नाही, हे मिस्तरींना तिथे पटलं. माझ्या सांगण्याने पटलं नव्हतं.

परतीची गाडी

पुढचे काही रविवार बरे गेले. नंतर एका सोमवारी वहिनींचा फोन आला: “काल रात्री वास आला.”

मीटिंग संपायची साडेआठच्या सुमारास. स्टँडवर पोहोचून गाडी मिळेपर्यंत तास-सव्वा तास जायचा. या वेळेचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. मीटिंगमध्ये माणूस मन उघडं करून बसतो, जुनं सगळं वर आलेलं असतं, पोटात अन्न नसतं, खिशात परतीचे पैसे असतात आणि स्टँडच्या आसपास दारू मिळते. मिस्तरी तीन रविवार असे घेऊन आले होते आणि मीटिंगमध्ये गप्प राहिले होते.

मोठे भाऊ संतापले. “मीटिंगले जाईसन बी पिनाच ना?” त्यांच्या मते मीटिंग हेच निमित्त झालं होतं, म्हणून ती बंद करावी. माझ्या लेखी या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण हाच. मीटिंग बंद केली असती तर रविवारची दारूही काही दिवस थांबली असती आणि सगळ्यांना वाटलं असतं, बरोबर केलं. पण आठवड्यात दुसरं कोणतंच ठिकाण नव्हतं जिथे मिस्तरी दारूबद्दल खरं बोलू शकत होते. वहिनींनी स्वच्छ सांगितलं, “मीटिंग सुटणार नाही. रस्ता बदला.”

मिस्तरींची बहीण जळगावला दिली आहे. ठरलं असं: रविवारी दुपारच्या गाडीने यायचं, मीटिंगनंतर दुकानदाराने किंवा दादांनी बहिणीच्या घरापर्यंत सोडायचं, रात्री मुक्काम, सोमवारी सकाळी मोटारीचं सामान घेऊन सकाळच्या गाडीने परत. सामान एरवीही आणावंच लागायचं, त्यामुळे गावात कोणी विचारलं तरी उत्तर तयार होतं. एक काटा राहिला. बहिणीचे मालक कधीमधी घरात बसून घेत. दाजींना सांगणार कोण? जावयाला असं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. शेवटी बहिणीनेच सांगितलं की रविवारी घरात बाटली दिसली तर मी भावाबरोबर गावी निघून जाईन. दाजींनी मान राखला.

यानंतर मिस्तरींनी मीटिंगमध्ये स्टँडवरच्या तीन रविवारांचं सगळं सांगितलं. कोणी रागावलं नाही, कोणी उपदेश केला नाही. एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याने शेरा मारायचा नाही, ही तिथली शिस्त आहे. मिस्तरी म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मध्ये न बोलता पूर्ण ऐकलं.

गोळीचा वाद

घसरणीनंतर मिस्तरींनी स्वतः डॉक्टरांना डायसल्फिरामबद्दल विचारलं. तपासण्या झाल्या, धोके समजावले गेले. गोळी बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे दारू घेतली तर त्रास होऊ शकतो, खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, हे सगळं वहिनींसमोर सांगितलं गेलं. गोळी रोज सकाळी चहाच्या वेळी, वहिनींसमोर, पण मिस्तरींनी स्वतःच्या हाताने घ्यायची असं ठरलं.

गटातल्या एका जुन्या सभासदाला हे आवडलं नाही. “गोळीवर थांबलेली दारू खरी थांबत नाही,” असं तो म्हणाला आणि मिस्तरींनी आठवडाभर गोळी टाळली. इथे दादा ठाम राहिले. सभासदाने डॉक्टर होऊ नये, ही ए.ए.ची स्वतःचीच भूमिका आहे. औषध हा रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातला विषय. दादांनी ते त्या सभासदाला सगळ्यांसमोर न बोलता बाजूला घेऊन सांगितलं. गोळी पुन्हा सुरू झाली आणि काही महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबली.

वहिनी

पायरीवर बसलेल्या त्या संध्याकाळनंतर वहिनींसाठी वेगळं काही हवं हे उघड होतं. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन नावाचे गट आहेत, १९५१ पासूनचे. जवळ गट नव्हता, म्हणून त्या दुपारी जेवणं आटोपल्यावर मोबाइलवरच्या मराठी मीटिंगला बसू लागल्या. मिस्तरींना जे ऑनलाइन जमलं नाही ते वहिनींना जमलं, कारण त्या वेळी घरात फक्त सासूबाई असत आणि गच्चीवर रेंज येई. त्यांनी खिसे तपासणं सोडलं. गिऱ्हाइकाला “ते आजारी आहेत” असं सांगणं सोडलं. मिस्तरींना हे सुरुवातीला कठोर वाटलं. मला वाटतं, दुकानाची जबाबदारी मिस्तरींकडे परत गेली ती यामुळेच.

आखाजी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगतात. बाटल्याही असतात. त्याच दिवसांत मोटारींचं काम शिगेला पोहोचलेलं असतं. म्हणजे मिस्तरींच्या दृष्टीने दोन धोके एकाच आठवड्यात. दादांनी महिनाभर आधी विषय काढला. मिस्तरींनी मजुरीची रीत बदलली: पैसे आधी ठरवायचे, रोख किंवा फोनवर घ्यायचे, आणि पाणी पडलं की पोराला पाना-पक्कड गोळा करायला सांगून स्वतः गाडीला किक मारायची. काही शेतकरी नाराज झाले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बाटलीऐवजी केळीचा घड गाडीला बांधून दिला, तेव्हापासून मिस्तरी तेच सांगू लागले: द्यायचं असेल तर घड द्या.

तरी आखाजीच्या रात्री पत्त्यांच्या डावात त्यांनी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः दादांना फोन केला, वहिनींना सांगितलं, आणि त्याच दिवशी जळगावला आले. स्टँडवरच्या वेळी लपवण्यात तीन आठवडे गेले होते, या वेळी एक रात्र. लिहून घेतलेली पुण्याची अट बाहेर काढली गेली. पिणं एका रात्रीवर थांबलं असल्याने ती लागू करायची नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

आजची स्थिती

त्यानंतर पुन्हा आखाजी येऊन गेली. त्या रात्रीपासून मिस्तरींनी घेतलेली नाही. हात बरेच स्थिर आहेत, मोटारी ते स्वतः भरतात, आणि परत येणाऱ्या मोटारी कमी झाल्या. तारेची उधारी अर्धी फिटली आहे. मुलगी बारावीच्या वर्गात गेली. ती वडिलांशी कामापुरतंच बोलते, आणि मिस्तरी तिला जबरदस्ती करत नाहीत. मोठे भाऊ अजून मीटिंगला ‘ते जळगावचं’ म्हणतात, पण परवा त्यांनी स्वतःच्या एका मित्राला मिस्तरींकडे पाठवलं.

काय वेगळं करता आलं असतं

कडी लावून दारू तोडण्याआधी तालुक्याच्या डॉक्टरांना एक फोन झाला असता तर फिट आणि ते भ्रमाचे दिवस बहुधा टळले असते. रोज सकाळी घ्यावी लागते, हात कापतात, आधी सोडताना फिट आली होती, यातलं काहीही असेल तर घरी सोडवू नये.

पहिल्या मीटिंगआधी ती खुली की बंद हे विचारायला हवं होतं. शक्य असेल तिथे सुरुवात खुल्या मीटिंगने करावी, म्हणजे घरचं माणूस एकदा आत बसून बघतं आणि पुढे बाहेर थांबायला त्याची हरकत राहत नाही. मी पुढे गटाच्या एका खुल्या मीटिंगला वहिनींसोबत बसले. वहिनी तिथे काही बोलल्या नाहीत, पण चहा त्यांनीच वाटला.

पहिल्या गटात मन लागलं नाही तर दुसरा गट बघावा, हे आम्ही सांगितलं, पण दुसरा गट आठवड्याच्या कोणत्या वारी आणि किती लांब हे आधी काढून ठेवलेलं नव्हतं. माघारीचे ते दोन रविवार त्यामुळे वाढले असते तरी आश्चर्य नव्हतं.

आणि डिस्चार्जच्या कागदावर औषधांखाली चार ओळी असायला हव्या होत्या: मीटिंगचा वार, वेळ आणि खोली, बरोबर कोण असेल, परतीची गाडी किती वाजता, आणि गाडीत बसेपर्यंत फोनवर कोण बोलेल. आता आम्ही प्रत्येकाला हे लिहून देतो. गेल्या महिन्यात अडावदकडच्या एका तरुणाच्या कागदावर शेवटच्या ओळीत मिस्तरींचा नंबर आहे, आणि रविवारी दुपारच्या गाडीला ते दोघं एकत्र येतात.